अमीन सयानी गेले : 'हिट' मोजायला शिकवणारा संगीतसृष्टीचा प्रणेता

तळेगावकर

काल, २० फेब्रुवारी २०२४ ला, मुंबईत रेडिओचे निवेदक अमीन सयानी गेले. हृदयविकाराचा झटका. वय ९१. आज सकाळी त्यांच्या मुलाने बातमी दिली आणि तेव्हापासून माझ्या झाडून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर त्यांच्या त्या 'बहनों और भाइयों' या हाकेचा पूर आलाय. सोनेरी आवाज हरपला, रेडिओचं युग संपलं वगैरे. खोटं काहीच नाही त्यात. पण नुसता आवाज आवाज करून आपण या माणसाचं निम्मं काम झाकून टाकतो असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

चांगल्या आवाजाचे निवेदक तेव्हाही होते. सयानींनी केलेली गोष्ट वेगळी आहे. या देशात या आठवड्यात कुठलं गाणं चाललंय, हे दर आठवड्याला मोजून जाहीर करायची सोय रेडिओ सिलोनवरच्या 'बिनाका गीतमाला' या त्यांच्या कार्यक्रमाने केली. त्याआधी निर्मात्याला कळायचं ते तिकीटखिडकीवरून, म्हणजे सिनेमा चालला की नाही एवढंच. सिनेमा पडला पण गाणं गावोगाव गुणगुणलं जातंय, हे कळायला धड काही साधनच नव्हतं.

थोडा मागचा भाग, तरुण मंडळींसाठी. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत म्हणजे थिल्लरपणा असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर सिनेगीतांना चाळणी लागली. शिवाय गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात होते! निर्माते भडकले, त्यांनी आकाशवाणीला दिलेले हक्क काढून घेतले आणि बघता बघता सरकारी रेडिओवरून सिनेमाची गाणी गायब झाली.

तिकडे कोलंबोला दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला जबरदस्त ताकदीचा ट्रान्समीटर होता. लढाई संपल्यावर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला. त्यांनी व्यापारी प्रसारण सुरू केलं आणि भारतातल्या कंपन्यांना आयतं व्यासपीठ मिळालं. कार्यक्रम तयार व्हायचे मुंबईत, टेपा विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून आपल्याच घरात परत यायच्या. सिबा या स्विस कंपनीची बिनाका टूथपेस्ट. इंग्रजी गाण्यांची त्यांची 'बिनाका हिट परेड' आधीच चालली होती, तशी हिंदीत करू म्हणाले. पण आठवड्याला २५ रुपयांत लिहायचं, बोलायचं आणि वर श्रोत्यांची पत्रंही निस्तरायची, हे कोण करणार? थोरले बंधू हमीद सयानी त्या धंद्यात होतेच. झेव्हियर्समध्ये शिकणाऱ्या धाकट्याच्या गळ्यात हे काम पडलं.

पहिली गीतमाला ३ डिसेंबर १९५२, बुधवार. तेव्हा ती क्रमवारी नव्हतीच! अर्धा तास, सात गाणी, आणि श्रोत्यांनी ती सात गाणी काळाच्या क्रमाने लावून पाठवायची. बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली. पुढे आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला आणि स्पर्धा तपासणं अशक्य झालं. तेव्हा ती बंद करून १९५४ पासून एक तास, सोळा गाणी आणि लोकप्रियतेची उतरंड सुरू झाली. खालून वर, सोळाव्या पायदानपासून पहिल्यापर्यंत.

ही क्रमवारी लावायची कशी? देशभरातल्या निवडक रेकॉर्ड विक्रेत्यांकडून खपाचे आकडे यायचे. पण दुकानातून आपल्याच रेकॉर्डी विकत घेऊन आकडा फुगवणं कुणालाही जमण्यासारखं. म्हणून जोडीला गावोगावचे श्रोता संघ. त्यांच्या याद्या वेगळ्या यायच्या. दोन्हींचा मेळ घालून क्रम ठरायचा. आज ज्याला मार्केट रिसर्च म्हणून भरमसाट पैसे मोजतात, ते हा विशीतला मुलगा पोस्टाच्या जिवावर करत होता.

आणि एक बारीक गोष्ट. आकाशवाणी सिनेमाचं नाव गाळत होती, तेव्हा गीतमालेत चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी सगळी नावं घेतली जायची. शैलेंद्र कोण आणि शकील बदायूनी कोण हे खेड्यातल्या माणसाला तोंडपाठ झालं ते अशा कार्यक्रमांमुळे. रेकॉर्डवरची बारीक अक्षरं वाचायला आधी घरात रेकॉर्ड तरी हवी ना!

तुमच्याकडे काय आठवणी, मतं, भांडणं असतील ती येऊ द्या.

---

नाना_वाईकर

आदरांजली. आमच्याकडे मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर आत नळ्या तापेपर्यंत तो गप्प. मग हिरवा डोळा उघडायचा आणि काटा सरकवत सरकवत सिलोन पकडायचं. आवाज लाटेसारखा जवळ यायचा, लांब जायचा. गच्चीवर बांधलेली जाळीची एरियल वाऱ्याने हलली की नेमकं तिसऱ्या पायदानला खरखर. वडील 'आता बंद करा ते' म्हणायचे, पण पहिला नंबर कुठला हे ऐकल्याशिवाय स्वतः जेवायला उठायचे नाहीत.

रेडिओला लायसन्स लागायचं हे नातवंडांना खरं वाटत नाही. पोस्टात पैसे भरायचे, पुस्तिकेत तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. तपासनीस आला की रेडिओवर चादर टाकणारे शेजारी मी पाहिलेत.

---

अनघा_के

नाना, चादर टाकून काय उपयोग, एरियल गच्चीवर दिसतच असणार :)

तळेगावकर, लेख आवडला. पण त्यांच्या आईचा उल्लेख राहिला. कुलसुम सयानी. मुंबईत प्रौढ साक्षरतेचं प्रचंड काम त्यांनी केलं. गांधीजींच्या प्रेरणेने 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी, पण छपाई तीन लिप्यांत : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. नव्याने अक्षर शिकलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे, ही अट. अमीन लहानपणापासून त्या कामात हातभार लावायचे.

आता गीतमालेतली त्यांची भाषा आठवा. जड उर्दू नाही, संस्कृत शब्दांनी लदलेली हिंदी नाही. आकाशवाणीवरच्या तेव्हाच्या हिंदी बातम्या आणि हा माणूस, दोन्ही लागोपाठ ऐकले तर फरक कळतो. नवसाक्षरांसाठी लिहिलेल्या मजकुराचं वळण आहे ते. मला तरी गीतमाला ही 'रहबर'चीच पुढची आवृत्ती वाटते, फक्त टूथपेस्टच्या खर्चाने निघालेली.

---

तळेगावकर

अनघाताई, वा! शेवटचं वाक्य चोरणार आहे.

त्याला जोडून : शिक्षण आधी मुंबईत न्यू एरामध्ये गुजरातीतून, मग ग्वाल्हेरचं सिंदिया स्कूल, मग झेव्हियर्स. बोलण्याची सुरुवात मुंबई रेडिओवर इंग्रजीतून, तीही भावाचं बोट धरून. आकाशवाणीत हिंदी निवेदकाच्या चाचणीत ते नापास झाले होते. उच्चारात इंग्रजी आणि गुजराती डोकावतं म्हणून! ही गोष्ट ते स्वतः मुलाखतींतून मजेत सांगायचे.

---

खवचट_खान्देशी

सगळं ठीक, पण धाग्याच्या शीर्षकाशी असहमत. निवेदक होता, उत्तम निवेदक होता. 'संगीतसृष्टीचा प्रणेता' वगैरे म्हणायला एक तरी चाल लावली होती का? एक तरी गाणं गायला होता का? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मान्य, पण मग सगळेच प्रणेते.

---

तळेगावकर

गायक व्हायचंच होतं त्यांना. वयात येताना आवाज फुटला आणि ते राहिलं. पण ते सोडा.

संगीताचा धंदा फक्त चाल लावणाऱ्याने उभा राहतो का? रेकॉर्ड कापणारा, विकणारा, लोकांपर्यंत पोचवणारा, सगळे त्यात येतात. १९५२ ते ५७ ही पाच वर्षं डोळ्यांसमोर आणा. आकाशवाणीचं दार बंद, विविध भारतीचा जन्म ३ ऑक्टोबर १९५७ चा. सिनेसंगीताचा तो सोन्याचा काळ म्हणतो ना आपण? शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर, सी. रामचंद्र, नौशाद... त्या गाण्यांचा घराघरांत पोचायचा मोठा रस्ता कोलंबोवरून जात होता. ही पाच वर्षं सिलोन नसतं तर काय झालं असतं याचा विचार करा आणि मग सांगा.

---

सदाशिव_पेठी

केसकरांना झोडपायची स्पर्धा चालू आहे म्हणून दोन शब्द. माणूस पुण्याचा, आपलाच, म्हणून बाजू घेतोय असं समजू नका (थोडं समजलात तरी चालेल).

संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला तो १९५२ मध्ये, त्यांच्याच काळात. आकाशवाणीचं वाद्यवृंद पथक, त्याला रविशंकरांसारखा संचालक लाभणं, संगीत संमेलनं, संस्थानं बुडाल्यावर आश्रय गेलेल्या खाँसाहेब-बुवांना केंद्रांवर मिळालेली कामं. दरबार गेले तेव्हा रेडिओ हा एकच धनी उरला होता. तो नसता तर कित्येक घराणी आपण फक्त पुस्तकात वाचली असती.

आणि आपल्यापुरतं बघायचं तर, सिनेगीतांना पर्याय म्हणून केंद्राकेंद्रावर सुगम संगीताचे विभाग निघाले. मराठी भावगीताला त्याचा केवढा फायदा झाला! पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं १९५५ मध्ये. आठवड्याला एक नवं गाणं, माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची चाल. मंत्री कोण होते? केसकर! लोक रेडिओला हार घालायचे म्हणतात. तेव्हा एकाला खलनायक केल्याशिवाय दुसऱ्याला नायक करता येत नाही असं काही नाही.

---

खवचट_खान्देशी

पेठी, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत होतोय, नोंद घ्यावी.

---

तळेगावकर

पेठी, शास्त्रीय संगीताबद्दलचं शंभर टक्के मान्य, आणि गीतरामायणाचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझी तक्रार एवढीच की पानात श्रीखंड वाढायचं म्हणून बाकीच्यांच्या हातातली भजी काढून घ्यायची गरज नव्हती. लोकांनी काय केलं? भजी मिळेल त्या दुकानात गेले. आणि शेवटी सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

पण एक गंमत बघा. केसकर आणि सयानी दोघांनाही श्रोत्याला 'घडवायचं' होतं. एकाने श्रोत्याला काय आवडायला हवं ते ठरवलं. दुसऱ्याने श्रोत्याला विचारलं, आणि जे उत्तर आलं ते, स्वतःला आवडो न आवडो, त्याच उत्साहाने वाचून दाखवलं.

---

टेपकापू

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, फक्त या धाग्यासाठी.

मी मुंबईत जाहिरातींच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरी केली. त्यांच्या युनिटमध्ये कधी नव्हतो, पण त्या धंद्यातला प्रत्येक जण थोडाफार त्यांचाच शिष्य. गीतमालेपलीकडचं सांगतो, कारण ते कुणी लिहीत नाहीये.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि पहिला प्रयोग झाला मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच तीन केंद्रांवर. तेव्हा रेडिओची जाहिरात कशी लिहायची हे देशात मोजक्या लोकांना ठाऊक होतं. सयानी बंधूंनी ते सिलोनवर पंधरा वर्षं केलं होतं. पुढे सिनेमाचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम आले. सिनेमा लागायच्या आधी रेडिओवर त्याची झलक : दोन संवाद, गाण्याचा मुखडा, कथेचा धागा असा सोडायचा की पुढे काय होतं ते कळायला थिएटरलाच जावं लागेल. टीव्हीवरची ट्रेलर नंतर आली, ही आधीची. त्यातले एक्के म्हणजे सयानी. 'एस. कुमार का फिल्मी मुकदमा' आठवतोय का कुणाला? कपड्याच्या कंपनीचा कार्यक्रम, आणि सिनेनटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मुलाखत!

काम कसं चालायचं ते ऐका. पाव इंची टेप. चूक झाली की मागे जायचं, दोन्ही रिळं हाताने पुढे-मागे फिरवत शब्दाची सुरुवात शोधायची. आवाज 'व्वूऽऽप' असा यायचा. नेमक्या जागी ग्रीस पेन्सिलने खूण. टेप खाचेत बसवून ब्लेडने तिरका छेद, कारण सरळ कापली तर जोडावर 'टक्' ऐकू येतं. मग पांढरी चिकटपट्टी. श्वास किती ठेवायचा हे कान सांगायचा. दहा सेकंदांच्या स्पॉटमध्ये श्वास कापून कापून माणूस गुदमरल्यासारखा वाटायला लागायचा. सयानींच्या टेपा ऐकून आम्हाला सांगायचे की बघा, एवढं भरभर बोलूनही श्वास जागच्या जागी आहेत. आधी लिहून, मोजून मगच माईकसमोर जायचं, अशी त्यांची शिस्त होती. ते उत्स्फूर्त वाटायचं म्हणून ते उत्स्फूर्त होतं असं समजू नका.

लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये त्यांच्या नावावर ५४,००० रेडिओ कार्यक्रम आणि १९,००० स्पॉट, जिंगल असा आकडा आहे. बाहेरच्यांना हा आकडा गमतीचा वाटतो. आम्हाला घाम फुटतो.

---

नाना_वाईकर

फिल्मी मुकदमा! अहो किती वर्षांनी नाव ऐकलं. टेपकापूसाहेब, लिहीत राहा.

---

मदनभक्त

+१ टेपकापू.

आता माझं जुनं दुखणं. गीतमालेला एवढं डोक्यावर घेताय म्हणून विचारतो, त्या याद्यांत संगीतकार मदनमोहन कुठे होता? ज्या गज़लांवर आज आपण जीव टाकतो त्यांच्या वाट्याला वार्षिक यादीत पहिला नंबर कधी आला? त्यांचं गाणं वर्षाचं पहिलं ठरलं ते १९७७ साली, 'लैला मजनू'मधलं 'हुस्न हाज़िर है'. मदनमोहन गेले जुलै १९७५ मध्ये. चित्रपटाचं उरलेलं काम जयदेवनी पुरं केलं होतं. जिवंतपणी ज्याला तुमच्या मोजमापाने मान दिला नाही, त्याला मेल्यावर दिला. असलं मोजमाप काय कामाचं?

---

तळेगावकर

दुखणं खरं आहे. पण दोष ताजव्याचा की माल घेणाऱ्याचा? गीतमाला म्हणत होती 'या आठवड्यात हे खपतंय, हे मागितलं जातंय'. 'हे श्रेष्ठ आहे' असं तिने म्हटलं नाही. १९७५ चं वर्षाचं पहिलं गाणं बघा : 'रोटी कपड़ा और मकान'मधली 'महंगाई मार गई'ची कव्वाली. संगीताच्या दृष्टीने लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या पहिल्या पंचवीसांतही मी ते धरणार नाही. पण त्या वर्षी लोकांच्या पोटात काय चाललं होतं ते अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या नंबरवरून जास्त कळतं.

---

मदनभक्त

कळतं, पण त्याची किंमत कोण मोजतं? आकडा एकदा जाहीर झाला की निर्माता संगीतकाराला सांगतो, 'पहिल्या पायदानवालं पाहिजे'. मोजायला सुरुवात केली की लोक मोजमापासाठीच काम करायला लागतात. मदनमोहनला मोठे बॅनर का मिळाले नाहीत याच्या कारणांत हे एक कारण मी धरतो.

---

अनघा_के

मदनभक्त, मुद्दा पटण्यासारखा आहे. पण त्यावर थोडा उताराही कार्यक्रमात होता. ठरावीक आठवडे गाजलेलं गाणं बिगुल वाजवून 'सरताज गीत' म्हणून मानाने निवृत्त केलं जायचं, म्हणजे खालच्यांना जागा व्हायची. एकच गाणं वर्षभर छातीवर बसून राहिलंय असं व्हायचं नाही. आजच्या याद्यांना हे कुणी शिकवायला हवं.

---

रिया_ऐकते

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान असेन. प्रश्न विचारते, हसू नका. मी कामासाठी स्ट्रीमिंगच्या प्लेलिस्टशी संबंधित आहे. आमच्याकडे रोजचा ताप म्हणजे खोटे प्लेज. बॉट लावून आकडे वाढवतात. पत्रांच्या जमान्यात हा प्रकार कसा ओळखायचे? आणि ते झुमरी तलैया नक्की काय प्रकरण आहे? मला वाटायचं ते काल्पनिक गाव आहे.

---

नाना_वाईकर

हसत नाही, उलट बरं वाटलं. झुमरी तलैया खरं गाव आहे बेटा, पूर्वीच्या बिहारमध्ये, आता झारखंडात, कोडरमा जिल्ह्यात. अभ्रकाच्या खाणींचं गाव. अभ्रकाच्या धंद्यात पैसा होता, करमणूक नव्हती. तिथल्या काही हौशी मंडळींना फर्माइशी पाठवायचा नाद लागला आणि त्यांच्यात चढाओढ सुरू झाली. मग दर कार्यक्रमात 'झुमरी तलैया से...' यायला लागलं. छत्तीसगडचं भाटापाराही तसंच. आपल्या विदर्भातल्या गावांचीही नावं यायची.

---

तळेगावकर

रिया, तुझा बॉट म्हणजे तेव्हाचा एक माणूस आणि शंभर पोस्टकार्डं. एकाच हस्ताक्षरातला गठ्ठा, एकाच पोस्टाचा शिक्का, एकाच दिवशीची तारीख, हे डोळ्याला दिसतं. आणि वर म्हटलं तसं दोन निरनिराळ्या वाटांनी आलेली माहिती ताडून बघायची. दुकानात धो धो खप आणि श्रोता संघांत नावसुद्धा नाही, तर काहीतरी पाणी मुरतंय. तुमच्याकडे दुसरी वाट आहे का? सगळं एकाच ॲपच्या पोटातून येत असेल तर ताडणार कशाशी?

---

रिया_ऐकते

नाहीये. म्हणजे शहरवार फोड बघतो आम्ही, पण तीही त्याच पोटातली. ऑफिसात हे सांगणार आहे, श्रेय 'तळेगावकर काका' असं देईन.

आज सकाळपासून यूट्यूबवर जुने भाग ऐकतेय. मला सगळ्यात आवडलं ते हे की चौथ्या नंबरचं गाणं तीनवर आलं तर ते असं सांगतात जणू कुणाच्या घरी बढती झालीय. आणि दोन पायऱ्या खाली घसरलं तर आवाजात थोडं वाईट वाटणं. गाण्यांना माणसांसारखं वागवतात.

---

शारजाहून_सलील

उशिरा आलो. ऐंशीच्या दशकात वडील आखातात नोकरीला होते, आम्ही तिथेच वाढलो. उम्म अल कुवैनच्या रेडिओवर सयानींचा गीतमालेच्या आठवणींचा कार्यक्रम लागायचा. आमच्या इमारतीत मालवणचे आम्ही, वर मलबारी, खाली कराचीचे लोक. कार्यक्रम सुरू झाला की तिन्ही मजल्यांवर तोच आवाज. कराचीच्या काकू आईला जिन्यात विचारायच्या, 'आज कौन सा गाना बजा, मेरा दूध उबल गया'. आईचं हिंदी सयानींकडूनच आलं. तिला अजूनही 'भाइयों और बहनों' असं उलट क्रमाने म्हटलेलं खटकतं.

ब्रिटनमध्ये सनराइज रेडिओवर, बीबीसीवरही त्यांनी कार्यक्रम केले. परदेशातल्या आपल्या लोकांच्या रेडिओवर हा माणूस फार पूर्वीपासून आहे, हे कुठल्याच मराठी लेखात आज वाचलं नाही.

---

खवचट_खान्देशी

अमिताभची गोष्ट अजून कुणी लिहिली नाही म्हणजे धागा दर्जेदार आहे असं म्हणायला हवं. आता मीच घाण करतो : साठच्या दशकाच्या शेवटी एक उंच पोरगा आवाजाच्या चाचणीसाठी वेळ न ठरवता त्यांच्या ऑफिसात आला. सयानींना आठवड्याला डोंगरभर काम, त्यांनी भेट दिलीच नाही. पोरगा कंटाळून गेला. सयानी पुढे म्हणायचे की झालं ते दोघांच्या भल्याचंच झालं, तो रेडिओवर आला असता तर माझं काय झालं असतं!

आणि हो, वाचून वाचून माझं मत हललंय. प्रणेता म्हणायला हरकत नाही. टेपकापूंच्या प्रतिसादाने काम केलं, तळेगावकरांच्या नाही.

---

तळेगावकर

घेतलं. टेपकापूंना चहा माझ्याकडून.

---

अनघा_के

माहितीसाठी अजून थोडं. सिलोनवरचा प्रवास ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत, मधे बिनाकाचं सिबाका झालं. मग १९८९ पासून विविध भारतीवर, १९९४ पर्यंत. म्हणजे ज्या सरकारी रेडिओने सिनेगीतं हाकलल्यामुळे गीतमाला जन्माला आली, ती शेवटी त्याच घरी नांदायला गेली. १९९३ चं वार्षिक पहिलं गाणं 'चोली के पीछे'. केसकर ते ऐकायला नव्हते, बरं झालं.

पद्मश्री मिळाली २००९ मध्ये. इतक्या उशिरा का, यावर वेगळा धागा होईल.

---

मदनभक्त

जुने भाग ऐकायचे असतील तर सारेगामाच्या 'गीतमाला की छाँव में' या सीड्या आहेत, त्यांत सयानींचं निवेदन आहे. सारेगामाच्याच कारवाँ रेडिओतही गीतमालेचा वेगळा विभाग आहे. आमच्याकडे सासूबाईंचा कारवाँ त्याच विभागावर अडकलेला असतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी नेहमीचा वाचक, लिहीत नाही. पण विदर्भाचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही.

आमच्या मोठ्या काकांकडे गीतमालेची वही आहे. दोनशेपानी, रेघा मारून रकाने पाडलेले : तारीख, पायदान, गाणं, चित्रपट, मागच्या आठवड्याची पायदान. लाल शाई वर चढलेल्याला, निळी उतरलेल्याला. मधले काही बुधवार कोरे आहेत, तिथे 'ऐकू आले नाही' किंवा 'लाइट गेली' असं लिहिलंय. एका ठिकाणी 'परीक्षा, वडिलांनी रेडिओ उचलून ठेवला' असंही आहे. वही १९६६ पासून पुढची आहे. काका आता ऐंशीच्या आसपास, बातमी ऐकल्यावर काल त्यांनी कपाटातून काढून उशाशी ठेवली म्हणे.

---

तळेगावकर

ठेचा, ही वही म्हणजे खजिना आहे हो. वार्षिक याद्या सगळीकडे सापडतात, आठवड्याच्या सापडत नाहीत. काका देतील का पानं स्कॅन करायला? मदनभक्तांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळेल. मदनमोहन वर्षाचा पहिला नसेल, पण आठवड्याच्या सोळांत किती वेळा आणि कुठवर चढला होता ते कळेल.

---

वऱ्हाडी_ठेचा

देतील, पण वही घराबाहेर जाणार नाही, हे आधीच बजावलंय. मी होळीला गावी जातोय. मोबाईलने फोटो काढून टाकतो. कुठलं वर्ष आधी पाहिजे?

---

मदनभक्त

१९६६. 'मेरा साया'चं वर्ष आहे. सगळे बुधवार टाका, 'लाइट गेली'वालेसुद्धा.